उंबरठा, विंडो आणि भाकरीचा राखणदार: इंग्रजी घरातले जुने शब्द

सारवण (धागाकर्ती)

परवा आमच्या भावंडांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. 'पंधराशे सालातलं इंग्लंड'वाला. तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. तेव्हा म्हणे कुत्री-मांजरं गवती छपरात झोपायची, पाऊस आला की घसरून खाली पडायची, म्हणून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. श्रीमंतांच्या घरात जमिनीवर 'थ्रेश' म्हणजे पेंढा पसरायचे, तो बाहेर सांडू नये म्हणून दारात आडवी फळी ठोकायचे, ती थ्रेश होल्ड करायची म्हणून 'थ्रेशोल्ड'. दादाने खाली तीन वेळा हात जोडलेत.

हा मजकूर १९९९ पासून ईमेलवरून फिरतोय आणि त्यातलं जवळजवळ सगळं थापेबाजी आहे. जमिनीवर जे लव्हाळं पसरत त्याला इंग्रजीत 'रश' म्हणतात, थ्रेश नव्हे. आणि थ्रेशोल्ड हा शब्द पंधराशे सालाच्याही पाच-सहाशे वर्षं आधीचा, 'थ्रेस्कोल्ड', 'थ्रेस्कवाल्ड' असा कसाही लिहिलेला सापडतो. त्याचा पहिला भाग मळणी करणे, पायाने तुडवणे या धातूचा सख्खा. म्हणजे जिथे येता-जाता पाय पडतो ती जागा. 'होल्ड'चा त्यात काही संबंध नाही. आपला उंबरठा थेट झाडावरून आलाय, संस्कृत कोशांत उदुंबर या शब्दाचा एक अर्थच उंबरठा असा दिलेला आहे.

मला राग थापेचा नाही आला. खरी गोष्ट थापेपेक्षा चांगली असताना लोक थाप पुढे ढकलतात, त्याचा आला.

दोन वर्षांपूर्वी ससेक्समध्ये सिंगल्टनजवळ वील्ड अँड डाउनलँड म्युझियम बघायला गेलो होतो. म्युझियम म्हणजे काचेच्या पेट्या नाहीत, डोंगराच्या कुशीत आणून उभी केलेली खरीखुरी जुनी घरं. त्यात बेलीफ नावाचं पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर आहे. मूळ केंट परगण्यातलं. तिथे धरणाचा जलाशय व्हायचा होता, म्हणून १९६८-६९ मध्ये एकेक वासा सोडवून काढलं आणि इथे आणलं. (धरणात जाणारं घर असं वाचवतात हे वाचून आमच्या कोयनेकडच्या नातेवाइकांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.)

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा डोळे चुरचुरले. मधल्या मोठ्या खोलीत, ज्याला ते 'हॉल' म्हणतात, जमिनीवर मधोमध लाकडं जळत होती. धुराडं नाही. वर थेट छपरापर्यंत मोकळं, आढं-वासे काळेकुट्ट. धूर वाट मिळेल तिकडून जातो. आणि खिडकीला काच नाही! उभे लाकडी गज, आतून सरकवायची फळी, बस. फळी उघडी होती आणि मार्चचा वारा सरळ मानेवर येत होता.

घरी येऊन कोश उघडला. 'विंडो' हा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचा, 'विन्दाउगा'. विन्द म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! त्याआधी इंग्रज मंडळींचा स्वतःचा शब्द होता 'एआगथिरेल', म्हणजे डोळाभोक. हा 'थिरेल' आता फक्त नाकात उरलाय, नॉस्ट्रिल म्हणजे नाकभोक.

आणि मग एकदम लक्षात आलं की आपल्याकडे वातायन आहे, वारा जायची वाट. गवाक्ष आहे, बैलाचा डोळा. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. भिंतीला भोक पाडून बसलेल्या माणसाला दोन्हीकडे वारा आणि डोळा हेच सुचलं.

असे घरातले, चुलीपाशीचे, माजघरातले जुने इंग्रजी शब्द कोणाला माहीत असतील तर टाका. फॉरवर्ड नकोत, प्लीज.

---

तिरफळ

मस्त धागा. मानेवरचा वारा जाणवला.

भिंतींबद्दल भर घालतो. बेलीफसारख्या घरांच्या खांबांमधल्या भिंती कशाच्या असतात पाहिलंत का? हेझल नावाच्या झाडाच्या काटक्या विणायच्या आणि त्यावर माती, शेण, पेंढा कालवून थापायचा. काटक्यांच्या विणीला 'वॉटल' आणि लिंपणाला 'डॉब'. हे वाचलं तेव्हा मला आजोळचा कारवीचा कूडच दिसला. दापोलीकडे आजीचं न्हाणीघर तसंच होतं, मे महिन्यात लिंपण सुटलं की आतून उजेडाचे ठिपके पडायचे आणि आजी ओल्या हाताने एकेक बुजवायची.

'वॉल' हा शब्द मात्र रोमन लोकांच्या तटबंदीचा, लॅटिन 'वाल्लुम'. कूडवाल्या माणसाला दगडी तट दिसला आणि त्याने शब्द उचलला. तसंच 'टाइल' आणि 'किचन'. हे सगळं लॅटिनमधून फार लवकर आलेलं.

आणि 'टिंबर'! आज वखारीत मिळतं ते लाकूड. मुळात अर्थ इमारत, घर. जुन्या इंग्रजीत घर बांधणं म्हणजे 'टिंब्रियन'. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'त्सिमर' अजून खोलीच आहे. घर म्हणजेच लाकूड असल्यावर दोन शब्द हवेत कशाला.

---

भाकरतुकडा

माझा आवडता विषय. माझं नाव बघा.

'लॉर्ड' म्हणजे कोण? मूळ शब्द 'हलाफवेआर्द'. हलाफ म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. वेआर्द म्हणजे राखणदार, वॉर्ड. भाकरीचा राखणदार! झिजत झिजत हलाफोर्द, लोव्हर्द, लॉर्ड.

'लेडी' म्हणजे 'हलॅफदिये'. दिये म्हणजे मळणारी. पीठ मळणारी बाई. 'डो' म्हणजे मळलेला गोळा याच घरचा, आणि 'डेअरी' सुद्धा, कारण मळणारी मोलकरीण पुढे दूध-लोणी बघायला लागली आणि तिच्या नावाने ती खोली ओळखली जाऊ लागली.

आणि नोकर? 'हलाफॅटा', पाव खाणारा. हा शब्द केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यात आहे, साधारण इसवी ६०० च्या आसपासचा, इंग्रजी भाषेत लिहिलेला सगळ्यात जुना मजकूर तो हाच. त्यात कलम आहे: साध्या शेतकऱ्याचा 'पावखाऊ' कोणी मारला तर सहा शिलिंग भरपाई.

राखणारा, मळणारी, खाणारे. झालं घर. खाणाऱ्याच्या खुनाचा दरही ठरलेला.

---

शेजारीण

म्हणजे रोज सकाळी सात वाजता कणीक तिंबताना मी लेडी असते तर. घरात सांगून बघितलं. "मग लॉर्डांना डबा कधी मिळणार?" असं उत्तर आलं.

---

खडूस_आजोबा

चांगलं चाललंय, पण एक सावधगिरीची सूचना. शब्दाचं मूळ म्हणजे त्या काळच्या प्रत्येक माणसाच्या मनातला अर्थ नव्हे. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात हलाफोर्द म्हणतात तेव्हा कोणी भाकरी डोळ्यांसमोर आणत नव्हतं. आपण 'नमस्कार' लिहिताना वाकतो का?

आता माझी भर. 'हजबंड' हा शब्द नवरा या अर्थाने जन्मलाच नाही. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, भाषेत 'हूसबोन्दी': हूस म्हणजे घर, बोन्दी म्हणजे राहून संसार-शेती चालवणारा. थोडक्यात घरधनी. त्याचं लग्न झालेलं असो-नसो. म्हणूनच शेती म्हणजे 'हजबंड्री', आणि आपल्या पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी पाटीवर तो बिचारा अजून जनावरांशेजारी उभा आहे.

आता आपल्याकडे बघा. संस्कृतात 'कुटुंबिन्' म्हणजे घर-कुटुंब असलेला गृहस्थ. त्याचा प्राकृतातून झाला 'कुणबी', म्हणजे शेतकरी. तीच वाट, तोच मुक्काम. गृहस्थ तो शेतकरी. आणि गंमत अशी की 'कुटुंब' या शब्दाचा आमच्या वडिलांच्या पिढीत अर्थ होता बायको. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" म्हणजे काय, ते आज नातवाला समजावून सांगावं लागतं. तिकडे घरधन्याचा नवरा झाला, इकडे सगळ्या घराची बायको झाली.

---

पाटपाणी

@खडूस_आजोबा, बायकांच्या शब्दांचं पुढे काय झालं तेही सांगा की! 'हाउसवाइफ'चाच घासून 'हसी' झाला आणि सतराव्या शतकापर्यंत त्याचा अर्थ उठवळ बाई. 'स्पिन्स्टर' म्हणजे सूत कातणारी, चांगला धंदा होता तो, नंतर कायद्याच्या कागदांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे लागायला लागला, आणि शेवटी टोमणा होऊन बसला. लॉर्ड मात्र लॉर्डच राहिला.

---

खडूस_आजोबा

@पाटपाणी, मान्य. आपल्याकडे 'बाईल' बघा. तुकोबांच्या अभंगात सरळ बायको. आज 'बाईलवेडा' सोडला तर तोंडात घेता येत नाही.

---

गावकुस

घराबाहेर पडू का थोडं? मी नॉटिंगहॅमला असतो.

गावांच्या नावातलं 'हॅम' म्हणजे 'हाम', होमचा जुना अवतार. अर्थ घर आणि वस्ती दोन्ही. बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्माच्या माणसांची वस्ती. आमचं गाव १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी जमीन-नोंदवहीत, 'स्नॉटिंगेहॅम' आहे. स्नॉट नावाच्या माणसाच्या गोतावळ्याचं गाव. पुढे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या तोंडी तो पहिला स बसेना, त्यांनी गाळला. त्यांचे उपकार मानतो, नाहीतर माझा पत्ता शेंबूडगाव झाला असता. (आज स्नॉट म्हणजे शेंबूड; त्या काळी 'स्नोटर' म्हणजे शहाणा, ही गोष्ट वेगळी.)

'टाउन' तर आणखी मजेचं. मूळ 'टून' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. जर्मनमध्ये 'त्साउन' अजून कुंपणच आहे. मग कुंपणातलं घर, मग घरांची वस्ती, मग शहर. आणि आपला वाडा? संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. त्यापासून वाडा, वाडी, गुरांचा वाडगा. सावंतवाडी आणि साउथहॅम्प्टन एकाच कुंपणाला टेकून उभी आहेत.

डर्बी, व्हिटबी यांतला 'बी' नॉर्स लोकांचा, अर्थ गाव. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी जे तोंडावर फेकतो ते 'बायलॉज' याच 'बी'चे म्हणून कोशकार दाखवतात: गावकीचा कायदा. पार्किंगवरून भांडताना आपण व्हायकिंगांच्या गावकीत बसलेलो असतो.

---

तिरफळ

बायलॉजवाल्या व्हायकिंगांना +१. आमच्याकडे कुऱ्हाडी आणायच्या तेवढ्या राहिल्यात.

---

नवशिका_वाचक

छान माहिती. जुन्या वाड्यांत, म्हणजे त्यांच्या मॅनर हाउसमध्ये, 'बटरी' नावाची खोली असते ना, तिथे लोणी ठेवायचे.

---

सारवण

@नवशिका_वाचक, मीही तेच धरून चालले होते! बटरीचा बटरशी संबंध नाही. 'बट' म्हणजे मोठं पिंप. पिंपांची खोली ती बटरी, तिथे बीअर आणि वाइन. शेजारची 'पँट्री' पावाची, फ्रेंच 'पॅं' म्हणजे पाव. 'लार्डर' चरबी आणि मांसाची. बेलीफमध्येही हॉलच्या खालच्या टोकाला दोन दारं आहेत, दोन कोठ्यांची. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत बटरी हे नाव अजून चालू आहे.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला मालकाची खाजगी खोली, वरच्या मजल्यावर. तिला 'सोलर' म्हणतात. पाटी वाचून आमच्या चिरंजीवांनी छपरावर पॅनेल शोधली.

---

शेजारीण

जेवायला कुठे बसायचे पण?

---

पाटपाणी

@शेजारीण, 'बोर्ड'वर. बोर्ड म्हणजे साधी फळी. हॉलमध्ये लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, जेवण झालं की उचलून भिंतीला लावायच्या. त्यामुळे बोर्डचा अर्थ जेवण. म्हणून बोर्डिंग, म्हणजे राहून जेवायची सोय. कप ठेवायची फळी ती कपबोर्ड. तिला दारं नंतर लागली. आणि त्याच फळीभोवती कारभारी बसले की बोर्ड ऑफ डायरेक्टर्स.

पाट आठवला ना? पाट म्हणजेही फळीच. पाट-पाणी घेतलं म्हणजे जेवणाची वेळ झाली. आमच्या घरी पंगत उठली की पाट भिंतीला उभे करायचे, आणि सगळ्यात धाकट्याने शेणगोळा फिरवायचा. तो धाकटा मी.

---

उंबरझाड

चुलीला कोणी हात लावला नाही अजून?

'हार्थ' म्हणजे चुलीची जागा. घरं मोजायची ती चुलींवरून, हे तिकडेही होतं. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात हार्थ टॅक्स लागला: दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग, दोन हप्त्यांत. वसुलीवाल्यांना लोक 'चिमणीवाले' म्हणायचे. ते घरात घुसून खोल्याखोल्यांतून चुली मोजायचे, त्यामुळे लोकांना कराइतकीच त्या घुसण्याची चीड. १६८९ मध्ये तो उठवला. पण सरकारच ते. १६९६ मध्ये खिडकीकर आणला. खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात! मग लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. तो कर थेट १८५१ पर्यंत चालला, आणि बुजवलेल्या खिडक्या आजही जुन्या घरांवर दिसतात. वाऱ्याचे डोळे मिटले ते असे.

आपल्याकडे चुलीवरून आलेली चांगली गोष्ट म्हणजे चूलबंद आमंत्रण. त्या दिवशी तुमच्या घरची चूल बंद, सगळे आमच्याकडे जेवायला. आताच्या पत्रिकेत 'सहकुटुंब' लिहितात, त्यात ती ऊब नाही.

आणि 'कर्फ्यू'! फ्रेंच 'कूव्र-फ', विस्तव झाका. रात्री घंटा झाली की निखारे राखेखाली किंवा धातूच्या झाकणाखाली लोटायचे, कारण लाकूड-गवताच्या गावात एक ठिणगी पुरे. त्या झाकणालाही कर्फ्यूच म्हणत. २०२० मध्ये गॅलरीत उभं राहून संचारबंदी बघताना निखाऱ्यांचं कोणाच्या मनात आलं असेल?

---

गावकुस

धुराडं नव्हतं म्हणालात म्हणून. 'चिमनी' हा शब्दही फ्रेंचांकडूनच आला, आधी त्याचा अर्थ शेकोटीची जागा, नंतर धुराची वाट. आपल्याकडे तो आला आणि रॉकेलच्या दिव्याची चिमणी झाला. लहानपणी मला वाटायचं दिव्याला चिमणी म्हणतात कारण तो तेवढासाच असतो.

---

कॉट_बेसिस

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी.

इंग्रजीत 'कॉट' दोन आहेत. एक जुना, अर्थ झोपडी. त्यावरून कॉटेज, आणि कबुतरांचं खुराडं ते डव्हकोट. दुसरा कॉट झोपायचा, आणि तो आपला आहे! खाट. कंपनी सरकारच्या लोकांनी इथे खाट पाहिली, तिचा कॉट केला, तिकडे नेला. मग तो परत आला आणि सदाशिव पेठेत 'कॉट बेसिसवर जागा देणे आहे' अशा पाटीवर चढला. मी त्या बेसिसवर चार वर्षं काढली. खोलीत पाच खाटा, खाली पाच ट्रंका. घरमालक आजींना सांगायला हवं होतं की तुमच्या पाटीवर खाट विलायतेला जाऊन आली आहे. भाडं वाढवलं असतं.

अजून एक. मध्ययुगीन इंग्रजी घरात आणि चर्चमध्ये भिंतीतल्या फडताळाला 'ऑम्ब्री' म्हणत. लॅटिन 'आर्मारियुम', मुळात हत्यारं ठेवायची जागा. तोच शब्द पोर्तुगिजांच्या हातून आपल्याकडे आला तो अलमारी. तिकडच्या घरांतून ऑम्ब्री गेली, तिची बहीण इकडे नांदतेय.

---

खडूस_आजोबा

@कॉट_बेसिस, उत्तम. आणि 'कपाट' संस्कृतात दाराची फळी. बद्रीनाथचे 'कपाट' उघडले असं हिंदी बातम्यांत म्हणतात ते तेच. आपण दार काढून पेटीला लावलं आणि पेटीलाच कपाट म्हणायला लागलो.

---

भाकरतुकडा

शेवटची भर माझी, जरा लांब आहे.

'क्वर्न' म्हणजे हातानं फिरवायचं जातं. जुन्या इंग्रजीत 'क्वेओर्न'. संस्कृतात सोम वाटायचा दगड 'ग्रावन्', तो याचा दूरचा भाऊ. (आपलं जातं मात्र 'यंत्र' या शब्दातून आलं.)

इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी धनी मंडळींचा नियम होता की दळण आमच्याच गिरणीत आणायचं आणि दळणावळ म्हणून धान्यातला वाटा द्यायचा. घरी जातं ठेवलं तर गुन्हा. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सचा मठ होता, तिथे हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तिथला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड, पदावर १३२७ ते १३३६, मोठा गणिती आणि घड्याळ बनवणारा म्हणून इतिहासात नाव आहे. त्याने लोकांच्या घरातली जाती जप्त केली आणि मठाच्या पार्लरमध्ये फरशी म्हणून बसवली.

पार्लर म्हणजे बोलायची खोली, फ्रेंच 'पार्ले' म्हणजे बोलणे. मठात एरवी मौन, बाहेरच्यांशी बोलायचं ते इथे. म्हणजे गावकरी गाऱ्हाणं घेऊन आला की स्वतःच्या आईच्या जात्यावर उभा राहून बोलणार.

१३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात लोक मठात घुसले. त्यांनी त्या पार्लरची फरशी उखडली. जाती बाहेर काढली, फोडली आणि एकेक तुकडा घरोघर वाटला. मठातल्याच इतिहासकाराने, वॉल्सिंगहॅमने, लिहून ठेवलंय की चर्चमध्ये रविवारी पवित्र पाव वाटतात तसे ते तुकडे वाटले.

भाकरीच्या राखणदाराने जाती नेली होती. खाणाऱ्यांनी दगड घरी आणले.

---

शेजारीण

काटा आला. कणकेचा गोळा हातात घेऊन वाचत होते.

---

सारवण

@भाकरतुकडा, सेंट ऑल्बन्स माझ्याकडून ट्रेनने तासाभरावर आहे आणि मी तिथे फक्त आइस्क्रीम खाल्लंय. पुढच्या वेळी त्या मठाच्या आवारात जाऊन येते.

तुमचा प्रतिसाद तुमचं नाव न घालता दादाला पाठवला. त्याने तीन वेळा हात जोडून लगेच चार ग्रुपवर ढकललाय. सहा महिन्यांनी परत येईल तेव्हा जात्याचा पाटा-वरवंटा झालेला असेल, ओळखायला तयार राहा.